चाकातली चूं-चूं: गॅरेजला जायच्या आधीची तयारी

गणपतीला कोकणात उतरायला दहा दिवस राहिले होते आणि गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूने चूं-चूं सुरू झाली. रोज नाही, सारखी नाही. सकाळी ऑफिसला जाताना काही नाही, संध्याकाळी सिग्नलवरून गाडी हलली की डिकीत कोणी चिमणी कोंडून ठेवल्यासारखा आवाज. गॅरेजला नेली तर गाडी एकदम शहाण्यासारखी वागली. मेकॅनिकने ट्रायल मारली, मान हलवली आणि पुढचे डिस्क पॅड, म्हणजे ब्रेक दाबला की चाकाच्या लोखंडी चकतीला (डिस्कला) दोन्हीकडून चिमटणाऱ्या पट्ट्या, बदलून दिले. तिसऱ्या दिवशी आवाज परत. दुसरीकडे नेली, तिथे बेअरिंगवर बोट ठेवलं गेलं. बेअरिंगचा खर्च करायच्या आधी मात्र मी दोन दिवस मागून घेतले आणि वही घेऊन बसलो. चोर कोण निघाला ते पुढे येईलच. त्या दोन दिवसांत जे केलं तेच आता चाकाचा कुठलाही आवाज आला की करतो, साधारण याच क्रमाने.

सगळ्यात आधी नोंद. मधूनच येणारा आवाज मेकॅनिकसमोर येईल याची काही खात्री नाही, त्यामुळे आवाजाऐवजी त्याचा पंचनामा घेऊन जायचा. दोन-तीन दिवस प्रत्येक वेळी एवढं टिपायचं: गाडी नुकतीच सुरू केली होती की वीस मिनिटं चालून तापली होती, रस्ता कोरडा की ओला, वेग किती, ब्रेकवर पाय होता का, स्टिअरिंग सरळ की वळलेलं, मागे किती माणसं बसली होती. चालवणाऱ्याने यातलं काहीही गाडी चालवताना लिहायचं नाही. शेजारी कोणीतरी बसवायचं आणि त्याच्या हातात मोबाइल रेकॉर्डिंगवर द्यायचा. आपण नुसतं मोठ्याने बोलत राहायचं: "वीस... आला... ब्रेक... बंद झाला... सोडला... परत आला." घरी येऊन ऐकलं की गाडीत असताना लक्षात न आलेल्या गोष्टी कळतात. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये मुलीची बडबडच जास्त होती, पण त्यातूनही एक कळलं, की ब्रेक दाबला तरी चूं-चूंला काही फरक पडत नव्हता. नव्या पॅडचे पैसे कुठे गेले ते तिथेच समजलं.

आवाजाला नीट नाव देणंही तयारीतच येतं. "आवाज येतो" म्हटलं तर मेकॅनिकला शंभर गोष्टी आठवतात. चिमणीसारखी चूं-चूं वेगळी, शिट्टीसारखं चिरकणं वेगळं, लोखंडावर लोखंड घासल्याची खरखर वेगळी, वेगाबरोबर चढत जाणारी घूं-घूं वेगळी आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवली की येणारी कट-कट आणखी वेगळी. ही कट-कट बहुतेक वेळा अॅक्सलच्या जॉइंटची असते. आतल्या बाजूचं रबरी बूट फाटून रिमवर ग्रीस उडालेलं दिसलं, तर तिचा शोध तिथेच संपला.

मग आवाज खरोखर चाकाचाच आहे का, हे ठरवायचं. याला दहा मिनिटं लागतात आणि पैसे शून्य. गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये रेस करा. तेव्हाही चूं-चूं आली तर तो बहुधा इंजिनचा पट्टा आहे, चाकाकडे बघूही नका. इंजिन बंद करून पुढच्या मडगार्डवर दोन्ही हातांनी जोर देत गाडी खालीवर हलवा. कुरकुर आली तर सस्पेन्शनचे रबरी बुश किंवा शॉकअप. स्पीडब्रेकरवर येणारा आणि सपाट रस्त्यावर गायब होणारा आवाज बहुधा याच घरचा असतो. उरलेली परीक्षा मोजणीची. माझ्या गाडीला १६५/८० आर १४ चे टायर आहेत, त्यांचा घेर जवळपास दोन मीटर. म्हणजे ताशी २० किलोमीटरला चाक सेकंदाला जेमतेम तीन वेळा फिरतं, १० ला दीड वेळा. चूं-चूं त्याच तालात येत असेल आणि वेग कमी केला की ताल तितकाच संथ होत असेल, तर आवाज चाकाबरोबर फिरणाऱ्या कशाचा तरी आहे. तालाशिवाय एकसारखं चिरकत असेल तर सतत घासणारी वस्तू शोधायची. मॉलच्या तळघरातल्या रंगवलेल्या गुळगुळीत फरशीवर वळताना टायर किंचाळतात, तो मात्र आजार नाही. त्यासाठी वहीचं पान वाया घालवू नका.

बाजू ओळखायला भिंत लागते. लांब कंपाउंडची भिंत असलेला रिकामा रस्ता शोधायचा, त्या बाजूची काच पूर्ण खाली करायची, पंखा आणि गाणी बंद ठेवायची आणि भिंतीच्या जवळून दहा-पंधराच्या वेगाने जायचं. भिंतीवर आपटून आवाज कानात येतो. मग उलट दिशेने येऊन दुसरी बाजू भिंतीकडे. आत बसून "उजवीकडून येतोय" असं शपथेवर सांगणारी माणसं मी पाहिली आहेत आणि भिंतीने त्यांना खोटं पाडलेलं आहे. मीही त्यांतलाच. मी आधी पुढचं डावं म्हणत होतो, निघालं मागचं डावं.

त्याच रिकाम्या रस्त्यावर ब्रेकची आणि वळणाची परीक्षा उरकायची. तीसच्या वेगाला ब्रेक अगदी हलका, नुसता पाय टेकवल्यासारखा दाबा. आवाज तेवढ्यापुरता थांबला किंवा बदलला तर संशय ब्रेकवर. बऱ्याच पॅडना पोलादी पट्टीची छोटी जीभ असते. पॅडचं मटेरियल दोन-तीन मिलिमीटर उरलं की ती डिस्कला टेकते आणि चिरकायला लागते. तिचं कामच ओरडून सांगणं आहे, तेव्हा तिला वाकवून गप्प करू नये. मागच्या चाकांना आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतो, म्हणजे डब्यासारख्या ड्रमला आतून लायनर घासतात. तिथे संशय असेल तर चालण्याच्या वेगात, बटण दाबून धरून, हँडब्रेक एखादी टिचकी वर ओढून बघता येतो, पण हा प्रयोग मोकळ्या मैदानातच आणि कोरड्या जमिनीवर. वळणाचं गणित उलटं आहे. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून डाव्या वळणावर घूं-घूं वाढली तर उजव्या बाजूच्या बेअरिंगकडे बघायचं.

पावसाळ्याचं एक वेगळं कलम. डिस्क बिडाची असते. जुलैत रात्रभर गाडी बाहेर राहिली किंवा प्रेशरने धुतली, की सकाळी तिच्यावर तांबूस गंज दिसतो. पहिले पाच-सात ब्रेक खरखरतात आणि मग सगळं शांत. हे दुखणं नाही. पण दोन आठवडे हँडब्रेक ओढून उभी ठेवलेली गाडी हलताना मागून "टक" करून सुटली, तर लायनर ड्रमला चिकटले होते. ते उघडून साफ करायला सांगायचं, आणि पुढच्या वेळी सपाट जागी हँडब्रेकऐवजी गाडी गिअरमध्ये टाकून चाकांना लाकडाचे ठोकळे लावायचे. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अचानक कानठळ्या बसवणारं चिरकणं सुरू झालं तर घाबरू नका. डिस्कच्या मागे पातळ पत्रा असतो आणि त्याच्या फटीत हरभऱ्याएवढी खडी अडकते. हळूहळू थोडं रिव्हर्स घेतलं की पुष्कळदा ती पडते. नाही पडली तर गॅरेजमध्ये स्क्रूड्रायव्हरने पत्रा जरा मागे ढकलून काढतात, पाच मिनिटांचं काम.

आता हात घालायची तयारी. सपाट, टणक जागा, गाडीचा जॅक, चाकाचा पाना, दोन ठोकळे, जॅकखाली घालायला फळीचा तुकडा, उजेडाची बॅटरी, हातमोजे आणि खडू. तेलाचा स्प्रे या यादीत नाही. चूं-चूं ऐकली की पहिला हात त्याच बाटलीकडे जातो, आणि पॅडवर किंवा डिस्कवर तेल उडालं तर आवाज जाईल खरा, पण ब्रेकही जाईल. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग उचलायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, एक मिनिटासाठीही नाही. काढलेलं चाक किंवा स्टेपनी आडवी करून गाडीच्या दाराच्या उंबऱ्याखाली सरकवून ठेवावी.

पण जॅक लावायच्याही आधी व्हीलकॅप, म्हणजे चाकावरची प्लास्टिकची झाकणं, काढा. चारही काढा, डिकीत टाका आणि त्याच रस्त्यावरून एक फेरी मारून या. माझा चोर इथे सापडला. मागच्या डाव्या कॅपच्या आतल्या बाजूच्या खुंट्यांपैकी दोन मोडलेल्या होत्या, आणि जिथे प्लास्टिक रिमला टेकतं तिथे रिमचा काळा रंग जाऊन नखाएवढा चकचकीत डाग पडला होता. चाक फिरताना कॅप केसभर हलायची आणि चूं करायची. संध्याकाळीच का, तर दिवसभर उन्हात उभ्या गाडीचं प्लास्टिक सैलावायचं, असा माझा अंदाज. मेकॅनिकसमोर का नाही, तर तिथे पोहोचेपर्यंत खड्ड्यांनी ती परत जागेवर बसलेली असायची किंवा त्याने चाक बघायला काढून ठोकून लावलेली असायची. कॅप फेकली, आवाज गेला. चाक उघडं वाईट दिसतं म्हणून बायको अजून बोलते.

कॅप काढल्यावर नट दिसतात, तर पान्याने तेही बघून घ्या. एखादा नट सैल असेल तर पुढचं सगळं थांबवून आधी ते क्रॉसमध्ये, म्हणजे एकानंतर समोरचा, असे आवळा. बॅटरी मारून डिस्क बघा: तिच्यावर बोटाला लागणाऱ्या खोल खाचा आहेत का, एका बाजूचा पॅड दुसऱ्यापेक्षा बराच झिजलाय का. नवा पॅड साधारण दहा मिलिमीटरचा असतो. आतला झिजला आणि बाहेरचा तसाच, असं दिसलं तर कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम असण्याची शक्यता मोठी. याची खूण उष्णतेतही मिळते. आठ-दहा किलोमीटर फारसा ब्रेक न मारता चालवून या आणि चारही रिमजवळ तळहात न्या, टेकवू नका. एकच चाक तव्यासारखं धगधगत असेल तर तिथे पॅड सुटत नाहीये.

बेअरिंगसाठी चाक उचलून वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहावर धरून हलवा. खुटखुट लागली तर बेअरिंग किंवा बॉलजॉइंट (चाक सस्पेन्शनला जोडणारा सांधा). नऊ आणि तीनवर लागली तर स्टिअरिंगच्या टाय रॉडकडे बघायचं. मग एका हाताने चाक फिरवून दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची रवाळ थरथर कानाआधी बोटांना कळते. पुढचं चाक उचलताना हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल आणि मागच्या चाकांना ठोकळे. मागचं उचलताना हँडब्रेक सोडावा लागतो, नाहीतर चाक फिरणार नाही, म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे आणि गाडी गिअरमध्ये. हे अर्थातच इंजिनचा जोर पुढच्या चाकांना असलेल्या गाड्यांसाठी. ज्या चाकाचा संशय आहे त्याच्या टायरवर खडूने फुली मारून ठेवा.

एवढी तयारी करायला सवडच नसावी अशीही लक्षणं आहेत. ब्रेक दाबताना लोखंड घासल्याची खरखर, पेडल स्पंजासारखं लागणं, ब्रेकला गाडी एका बाजूला ओढणं, चाकाजवळ जळका वास किंवा ओघळ. यातलं काहीही असेल तर वही मिटा, गाडी जागेवर ठेवा आणि मेकॅनिकला घरी बोलवा. घाटात उतरताना हे जाणवलं तर खालचा गिअर टाकून, सुरक्षित जागा बघून थांबा.

गॅरेजला जाताना रेकॉर्डिंग, वही आणि खडूची फुली घेऊन जा, आणि सकाळी पहिल्या नंबरला जा. संध्याकाळी सहाला कोणालाच ट्रायलला वेळ नसतो. ट्रायलला स्वतः चालवा, मेकॅनिकला शेजारी किंवा मागे बसवा, कारण कोणत्या वेगाला पाय कसा ठेवला की आवाज येतो हे तुम्हाला माहीत आहे. "काय बदलायचं?" असं विचारू नका. "वीसच्या खाली, गाडी तापल्यावर, मागून डावीकडून, ब्रेकने फरक पडत नाही," एवढं सांगून थांबा आणि त्याला विचार करू द्या. चांगला मेकॅनिक हे ऐकून खूश होतो. जो न ऐकताच पार्टची यादी काढतो, त्याच्याकडून निदान चाक उघडून दाखवल्याशिवाय होकार देऊ नका, आणि बदललेला जुना भाग मागून घ्या. पॅड बदलायचे तर एका अॅक्सलची दोन्ही चाकं मिळून, पिना साफ करून त्यांना ब्रेकचंच ग्रीस, हे बिलावर लिहून घेतलेलं बरं.

काम झाल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर नवे पॅड जोरात दाबून तापवायचे नाहीत, म्हणून हे सगळं निघायच्या आदल्या दिवशी नको, निदान आठवडाभर आधी हवं. चाक काढून लावलं असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा बघायचे. मी ते ताम्हिणी उतरून माणगावला थांबतो तेव्हा करतो. मिसळ-चहा होईपर्यंत चाकं निवलेली असतात आणि पाना डिकीत वरच ठेवलेला असतो, मोदकांच्या साच्याच्या पिशवीशेजारी.