खणांचे छोटे कपाट करताना या चुका टाळा

शनिवार-रविवारच्या सुट्टीत तीन खणांचे छोटे कपाट तयार होऊ शकते, आणि बहुतेकांचा सांगाडा पहिल्या संध्याकाळी उभाही राहतो. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी खण आत सरकवताना होते. खण अर्ध्यावर अडकला की माणूस त्याच्यावरच रंधा चालवू लागतो. माझ्या पहिल्या कपाटाच्या वेळी मीही तेच केले होते. खालचा खण मागे जाताना घट्ट होत होता, म्हणून मी दोन्ही बाजू मिळून ३ मिलिमीटर लाकूड तासून काढले. खण आत गेला खरा, पण पुढच्या तोंडाशी तो खुळखुळू लागला. नंतर टेप लावली तेव्हा कळले की सांगाडाच मागच्या बाजूला तेवढा अरुंद होता आणि बिचाऱ्या खणाची काहीच चूक नव्हती. म्हणून खण अडकला तर हत्यार उचलण्याआधी सांगाड्याची आतली रुंदी पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन ठिकाणी मोजावी.

सांगाडा काटकोनात आहे की नाही हे केवळ कोपऱ्यात गुण्या धरून ठरवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. गुण्याची भुजा आखूड असते आणि अर्ध्या अंशाचा फरक तिथे डोळ्यांना जाणवत नाही. पण ६०० मिलिमीटर उंचीच्या बाजूवर तोच फरक वरच्या टोकाला ५ मिलिमीटरहून अधिक होतो. त्यापेक्षा गोंद ओला असताना, क्लॅम्प आवळल्याबरोबर, दोन्ही कर्ण मोजावेत. एक कर्ण लांब भरला तर त्याच कर्णाच्या दिशेने आणखी एक क्लॅम्प लावून दोन्ही मापे सारखी होईपर्यंत हलके आवळावे. मागची फळीही याच टप्प्यावर बसवावी. ती पातळ प्लायची असली तरी सांगाड्याला वाकडे होऊ न देण्याचे काम प्रामुख्याने तीच करते, आणि ‘पाठ काय, कधीही ठोकता येईल’ म्हणून ती शेवटावर ढकलली, तर तोपर्यंत वाळलेला गोंद वाकडेपणा पक्का करून बसलेला असतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे सर्व तुकडे कागदावरच्या मापाने एकाच दमात कापून ठेवणे. १८ मिलिमीटरचा म्हणून आणलेला प्लाय प्रत्यक्षात बऱ्याचदा थोडा पातळ असतो. बाहेरून ५०० मिलिमीटर रुंदीच्या कपाटात आतली जागा कागदावर ४६४ मिलिमीटर येते. पण प्लाय १७.३ मिलिमीटरचा निघाला तर तीच जागा ४६५.४ होते. टेलिस्कोपिक चॅनेलला, म्हणजे खण ज्यांवर सरकतो त्या एकात एक सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना, प्रत्येक बाजूला साधारण १२.५ ते १३ मिलिमीटर जागा लागते आणि फरक सहन करण्याची त्याची तयारी एखाद्या मिलिमीटरपुरतीच असते. त्यामुळे खणाचे तुकडे सांगाडा पूर्ण वाळल्यावर, त्याची आतली रुंदी मोजून, तिच्यातून दोन्ही चॅनेलची जागा वजा करूनच कापावेत. शंका असेल तेव्हा खण किंचित अरुंद ठेवावा, कारण चॅनेलमागे पुठ्ठ्याची पट्टी घालून अरुंद खण सावरता येतो, तर रुंद झालेला खण बहुधा पुन्हा उकलावा लागतो. खण दाबून ढकलावा लागत असेल तर तो रुंद आहे. डावीकडे-उजवीकडे हलत असेल तर अरुंद आहे. आणि सहज सरकूनही त्याचा एकच कोपरा पुढे राहत असेल, तर दोन चॅनेल पुढच्या कडेपासून सारख्या अंतरावर बसलेले नाहीत किंवा सांगाड्याला पीळ पडला आहे.

चॅनेलची उंची पेन्सिलीने दोन्हीकडे वेगवेगळी आखण्यापेक्षा प्लायचा एक तुकडा ठोकळा म्हणून वापरावा. तो तळावर उभा करून त्याच्या माथ्यावर सर्वांत वरच्या खणाचे दोन्ही चॅनेल टेकवावेत आणि स्क्रू लावावेत. मग तोच तुकडा मधल्या खणाच्या उंचीइतका आणि नंतर खालच्या खणाइतका कापत जावा. असे केल्यास माप चुकले तरी दोन्हीकडे सारखेच चुकते आणि खण तिरका होत नाही.

प्लायऐवजी भरीव लाकूड वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. लाकूड दमट हवेत त्याच्या अंगच्या रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीच्या दिशेने मात्र जवळजवळ बदलत नाही. ४०० मिलिमीटर रुंदीच्या फळीत हवामानानुसार ३-४ मिलिमीटरचा फरक सहज पडतो. अशा बाजूवर खण सरकण्यासाठीची लाकडी मार्गपट्टी रेषांच्या आडवी, सबंध लांबीवर गोंद लावून चिकटवली, तर पट्टी फळीला हलू देत नाही आणि काही काळाने फळीच तडकते. गोंद फक्त पुढच्या काही सेंटिमीटरना लावावा आणि मागे लांबट भोकात स्क्रू ठेवावा. खणाचा तळ भरीव असेल तर तोही खाचेत मोकळा राहू द्यावा. लाकडावर लाकूड सरकणार असेल तिथे मेणबत्ती घासावी, तेल लावू नये. तेल लाकडात मुरते आणि धूळ धरते.

गोंदाबद्दल एवढेच की बाहेर आलेला गोंद ओला असतानाच पुसावा, नाहीतर पॉलिश त्या डागावर चढत नाही.

दर्शनी फळ्या सर्वांत शेवटी आणि खालून वर बसवाव्यात. दोन फळ्यांमध्ये २ मिलिमीटरच्या पट्ट्या ठेवून, दुहेरी चिकटपट्टीने फळी तात्पुरती चिकटवावी आणि मग खण उघडून आतून स्क्रू लावावेत. खणाची पुढची बाजू १२ आणि दर्शनी फळी १८ मिलिमीटर असेल तर २५ मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. ३५ मिलिमीटरचा लावला तर त्याचे टोक नेमके पॉलिश केलेल्या बाजूने बाहेर डोकावते. घरात लहान मूल असेल तर कपाट लोखंडी कोनाने भिंतीला जखडूनच त्यात सामान भरावे, कारण सर्व खण एकदम ओढले गेले किंवा मुलाने त्यांची पायरी केली, तर एवढेसे कपाटही पुढे कलंडते.