जुने अमेरिकी कॉमिक्स वाचताना त्यामागचे हात कसे ओळखावेत

अमेरिकेतील जुन्या कॉमिक्सची ओढ बहुतेक वाचकांना त्यांतील नायकांमुळे लागते. मलाही ती तशीच लागली. परंतु ती आयुष्यभर टिकली ती ते नायक घडवणाऱ्या माणसांमुळे. पानावर कोणाचा हात फिरला आहे हे ओळखता येऊ लागले, की अनेकदा वाचलेली कथाही नव्याने उलगडते. ही नजर सरावाने येते, आणि १९३८ पासून १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंतच्या अंकांवर तो सराव कसा करावा, ते येथे सांगतो.

प्रथम आवृत्ती नीट निवडावी. मूळ अंक स्वस्त वर्तमानपत्री कागदावर छापले जात. निळा, किरमिजी आणि पिवळा या प्रत्येक रंगाच्या तीनच छटा उपलब्ध असत, त्यामुळे रंग न देण्याचा पर्याय धरून सारी मिश्रणे चौसष्टच्या घरात संपत आणि काळ्या रंगाच्या रेषा त्यांवर चढत. रंगकर्मी हे बंधन ओळखूनच काम करीत असत. मागची गर्दी एकाच सपाट निळ्यात बुडवून पुढच्या माणसाला पिवळ्यात उभे करणे, ही युक्ती ईसी प्रकाशनाच्या अंकांत मेरी सेव्हरिन यांनी फार जाणतेपणाने वापरली. अशा पानांना संगणकावर नव्याने चढवलेले चमकदार रंग आणि गुळगुळीत कागद मिळाला, की चित्राचा तोल बिघडतो. म्हणून मूळ रंग जपणारी, शक्य तर जाहिराती आणि वाचकांच्या पत्रांसह छापलेली हुबेहूब प्रत घ्यावी. मूळ चित्रफलकांच्या आकारात छापलेली कृष्णधवल आवृत्ती ग्रंथालयात पाहायला मिळाली तर ती संधी सोडू नये. १९६७ च्या सुमारापर्यंत चित्रकार छापील पानाच्या जवळजवळ दुप्पट लांबी-रुंदीच्या फलकावर काम करीत असत, आणि छपाईत हरवलेली कुंचल्याची धार अशा आवृत्तीतच दिसते.

त्यानंतर प्रत्येक कथा दोनदा वाचावी. पहिले वाचन कथेसाठी करावे. दुसऱ्या वाचनात संवादांच्या फुग्यांतील आणि चौकटींवरील मजकूर वाचूच नये. केवळ चौकटींचे आकार, माणसांच्या उभे राहण्याच्या तऱ्हा आणि नजर पानावर कशी फिरते, एवढेच पाहावे. यासाठी ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चा १९६६ सालचा तेहेतिसावा अंक घ्यावा, असे मी प्रत्येक नव्या वाचकाला सांगतो. नायक प्रचंड यंत्राखाली अडकला आहे, वरून पाणी गळते आहे, आणि त्याच्या काकूचा जीव वाचवणारे औषध हाताला लागणार नाही एवढ्याच अंतरावर पडले आहे. स्टीव्ह डिट्को यांनी या एका कृतीला अंकाची पहिली पाच पाने दिली. आरंभी अरुंद असलेल्या चौकटी यंत्र उचलले जाऊ लागताच मोठ्या होत जातात, आणि अखेर पूर्ण पान त्या उभ्या राहिलेल्या देहाला मिळते. मजकूर झाकला तरी ओझे जाणवते, कारण ते चौकटींच्या आकारातच साठवलेले आहे.

याच रीतीने बर्नार्ड क्रिग्स्टीन यांची ‘मास्टर रेस’ ही कथा पाहावी. ती १९५५ मध्ये ईसीच्या ‘इम्पॅक्ट’च्या पहिल्या अंकात आली. न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसलेला, छळछावणीचा माजी प्रमुख असलेला एक माणूस समोर आलेल्या प्रवाशाला ओळखतो, एवढाच तिचा धागा. कथेसाठी सहा पाने नेमून दिली होती. क्रिग्स्टीन यांनी बारा मागितली आणि त्यांना आठ मिळाली. ईसीमध्ये फलक चित्रकाराकडे येण्यापूर्वीच त्यावर मजकूर लिहिलेला असे. क्रिग्स्टीन यांनी तो कापून नव्याने चिकटवला आणि नेमून दिलेल्या चौकटी अनेक अरुंद पट्ट्यांत विभागल्या. शेवटी गाडी धडधडत जाते तेव्हा खिडक्यांतील चेहरे पुन्हा पुन्हा उमटत जातात. एका क्षणाचे इतके तुकडे करून दाखवण्याचे धैर्य त्या काळच्या अमेरिकी कॉमिक्समध्ये फार थोड्यांनी दाखवले. माझ्या मते कॉमिक्समध्ये वेळ कसा रचतात हे शिकण्यासाठी याहून चांगली आठ पाने नाहीत.

आता पेन्सिल आणि शाई यांतील फरकाकडे वळावे, कारण नवे वाचक सर्वांत अधिक येथेच गोंधळतात. बहुतेक अंकांत एक जण पेन्सिलीने चित्र काढी आणि दुसरा त्यावर शाई चढवी. शाई देणारा केवळ रेषा गिरवत नाही. कोणती रेषा जाड करायची, सावली किती द्यायची, काय गाळायचे हे तो ठरवतो. हा फरक डोळ्यांत भरण्यासाठी जॅक कर्बी यांच्या ‘न्यू गॉड्स’चा चौथा आणि पाचवा अंक शेजारी शेजारी ठेवावा. दोन्ही १९७१ चे, दोन्हींचा लेखक आणि पेन्सिलीचा हात एकच. मात्र चौथ्या अंकापर्यंत शाई विन्स कोलेटा यांची आहे आणि पाचव्यापासून माइक रॉयर यांची. कोलेटा यांची रेषा बारीक आणि पिसासारखी हलकी आहे, आणि वेळ वाचवण्यासाठी ते पार्श्वभूमीतील तपशील, कधी कधी माणसेही, पुसून टाकीत असत. रॉयर यांनी कर्बींची पेन्सिल जशी होती तशीच, जाड आणि निर्भय रेषेत उतरवली. यंत्रे, स्नायू, अवकाशात फुटणारे काळे ठिपके यांकडे दोन्ही अंकांत पाहून आपण काय गमावले आणि काय परत मिळाले याची नोंद करावी. त्यानंतर ‘फँटॅस्टिक फोर’चे १९६५ च्या अखेरीपासूनचे अंक काढावेत. तेथे जो सिनॉट यांच्या शाईने त्याच कर्बींना धातूसारखी तकाकी दिली आहे. कोणती शाई अधिक चांगली, यावर चाहत्यांचे कधीच एकमत होणार नाही. मला स्वतःला सिनॉट यांची शाई अधिक देखणी आणि रॉयर यांची अधिक सच्ची वाटते.

अक्षरांकडेही लक्ष द्यावे. ईसीच्या बहुतेक अंकांतील अक्षरे साच्याच्या साहाय्याने काढलेली असल्याने ती यांत्रिक आणि थंड दिसतात. हार्वे कुर्ट्झमन यांच्या युद्धकथांतील अक्षरे मात्र हाताने काढलेली आहेत. विल आयस्नर यांच्या ‘द स्पिरिट’मध्ये तर शीर्षकाची अक्षरेच इमारत होतात, गटाराचे झाकण होतात, वाऱ्यावर उडणारे कागद होतात. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवणीसाठी २ जून १९४० पासून निघालेली ही मालिका साधारण सात पानांच्या कथांची होती. आयस्नर युद्धकाळात सैन्यात गेले तेव्हा ती इतरांनी सांभाळली, म्हणून आरंभ १९४६ नंतरच्या कथांपासून करावा.

यापुढची पायरी श्रेयनामांची आहे, आणि तिच्यावर थोडे थांबावे लागेल, कारण जुन्या अंकांवर छापलेली नावे पूर्ण सत्य सांगत नाहीत. मार्व्हलने १९६० च्या दशकात लेखक, चित्रकार, शाई देणारा आणि अक्षरकार यांची नावे पहिल्या पानावर छापण्याची चांगली प्रथा रुजवली. रंगकर्मींची नावे मात्र नियमितपणे येण्यास पुढचे दशक उजाडावे लागले. तेथील कामाची पद्धत अशी होती, की कथेची त्रोटक रूपरेषा, आणि कित्येकदा केवळ एखादे संभाषण, एवढ्यावर चित्रकार संपूर्ण अंक रचून काढी आणि संवाद नंतर भरले जात. म्हणजे प्रसंगांची गुंफण, गती, अनेकदा नवी पात्रेसुद्धा चित्रकाराच्या टेबलावर जन्मत. १९६५ मध्ये डिट्को यांना कथानकाचे श्रेय छापून मिळू लागले, तोवर ते हे काम करीतच होते. मार्व्हलचे लेखक-संपादक स्टॅन ली यांचे संवाद, त्यांचा वाचकांशी बोलण्याचा उमदा सूर आणि संपादकाची नजर यांचे मोल मी कमी मानत नाही. पण ‘लेखक’ या एका नावाखाली दोघांचे काम झाकले गेले, हे वाचताना लक्षात ठेवावे.

इतरत्र तर नावच नसे. कार्ल बार्क्स यांनी डोनाल्ड डकच्या कथा १९४२ पासून दोन दशकांहून अधिक काळ लिहिल्या आणि काढल्या, १९४७ मध्ये स्क्रूज मॅकडक हे पात्र निर्माण केले, आणि अंकांवर केवळ डिस्ने हे नाव छापले जात राहिले. तरीही आवाजावरून माणूस ओळखावा तसे मुलांनी त्यांना रेषेवरून ओळखले. नाव ठाऊक नसलेल्या या हाताला ती ‘चांगला बदके काढणारा’ म्हणत, आणि पुढे काही चाहत्यांनी चिकाटीने त्यांचा शोध घेतला. १९४९ ची ‘लॉस्ट इन द अँडीज’ ही चौकोनी अंड्यांच्या शोधाची कथा वाचावी. बत्तीस पानांत साहस, विनोद आणि पर्वतांतील धुके इतक्या सहजतेने नांदताना मी अन्यत्र पाहिलेले नाही.

बॅटमॅनच्या बाबतीत बॉब केन यांचे एकट्याचे नाव अनेक दशके छापले गेले. पोशाखाचे रूप, पात्राचा स्वभाव आणि आरंभीच्या कित्येक कथा घडवणारे बिल फिंगर १९७४ मध्ये वारले, आणि त्यांचे नाव अधिकृत श्रेयात २०१५ मध्ये आले. सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये आपल्या पात्राचे सर्व हक्क १३० डॉलरना दिले. १९७५ मध्ये, चित्रकार नील अ‍ॅडम्स आणि इतरांनी जाहीर मोहीम चालवल्यानंतर, दोघांना प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलर देण्याचे आणि त्यांची नावे पुन्हा छापण्याचे मान्य झाले. ‘द स्पिरिट’चे हक्क आयस्नर यांच्याकडे राहिले, कारण त्यांनी करार करतानाच तसा आग्रह धरला होता. म्हणून अंक हाती घेताना छापील नावांवर न थांबता ग्रँड कॉमिक्स डेटाबेस या सूचीत ती कथा शोधावी. कथेगणिक पेन्सिल, शाई, रंग आणि अक्षरे यांच्या नोंदी तेथे मिळतात, आणि श्रेय अंदाजाने दिलेले असेल तर तसे चिन्हही असते.

हात ओळखू येऊ लागले, की नायकाऐवजी माणसाच्या मागे जावे. कर्बींपासून आरंभ केला तर १९४१ च्या ‘कॅप्टन अमेरिका’पासून, ज्याच्या पहिल्या मुखपृष्ठावर अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच हिटलरला ठोसा बसला होता, १९४७ च्या ‘यंग रोमान्स’मधील प्रेमकथांपर्यंत यावे. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीच्या राक्षसकथा, १९६१ चा ‘फँटॅस्टिक फोर’ आणि शेवटी ‘न्यू गॉड्स’ असा मार्ग धरावा. १९४४ मध्ये फ्रान्समध्ये पायदळात लढून आलेल्या या माणसाच्या चित्रांत हिंसेचे वजन कसे बदलत गेले, हे एकाच नायकाचे अंक वाचून कधीच कळत नाही.

कालखंडाची खूण मुखपृष्ठावरच असते. १९५४ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे कॉमिक्सची सुनावणी झाली आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी कॉमिक्स कोड ही नियमावली स्वीकारली. तिचा टपाल तिकिटासारखा शिक्का दिसला, की आतील मजकूर तपासणीतून गेलेला आहे असे समजावे. ईसीचा शेवटचा कॉमिक अंक, १९५६ चा ‘इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन’ क्रमांक ३३, यासाठी अवश्य पाहावा. त्यातील ‘जजमेंट डे’ या पुनर्मुद्रित कथेच्या शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढणारा अंतराळवीर कृष्णवर्णीय आहे, यावर तपासनीसाने हरकत घेतली होती. प्रकाशक विल्यम गेन्स आणि लेखक-संपादक अल फेल्डस्टाइन मागे हटले नाहीत, आणि कथा जशीच्या तशी छापली गेली.

मूळ अंक विकत घेतला असेल, तर त्या कागदात लिग्निन आहे आणि उजेड, उष्णता व दमटपणा यांनी तो पिवळा पडून तुकडे होऊ लागतो, हे ध्यानात ठेवावे. पॉलिएस्टरचे पाकीट, मागे आम्लविरहित पुठ्ठा, आणि अंधाऱ्या, कोरड्या जागी खोक्यात उभी मांडणी एवढे पुरेसे आहे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नये, आणि वाचताना अंक पूर्ण सपाट न उघडता तळहातावर अर्धवट उघडून धरावा, म्हणजे कण्यावरील तारांवर ताण येत नाही.