स्वभाव बदलायचाय? एकच गुण धरा आणि तीन-चार महिने द्या

"स्वभावाला औषध नाही" हे आपल्याकडे इतक्या वेळा ऐकवतात की बरेच जण पंचविशीतच हात टेकतात, आणि मला हे मनापासून खटकतं, कारण संशोधन तसं म्हणत नाही. बदल होतो. पण किती आणि कुठे, हे आधी समजून घ्या, नाहीतर नको तिथे ताकद घालवाल.

मानसशास्त्रात स्वभाव साधारण पाच बाजूंनी मोजतात: नवीन काही करून बघायची ओढ, कामातली शिस्त, चारचौघांत मिसळणं, समोरच्याशी जुळवून घेणं, आणि पटकन टेन्शन येणं, चिडणं, उदास होणं. यात माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला जवळपास निम्मा अनुवंशिक असतो असं जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसलंय, म्हणजे कोणीच कोरी पाटी घेऊन येत नाही.

आता शाळेचं गेट-टुगेदर डोळ्यासमोर आणा. चाळिशीला सगळेच जरा शांत झालेले असतात, वेळ पाळायला लागलेले असतात, पण वर्गात जो सगळ्यात बडबड्या होता तोच बहुतेक वेळा आजही माइक सोडत नाही. म्हणजे अख्खा वर्ग पुढे सरकतो, पण वर्गातला नंबर फारसा हलत नाही. ब्रेंट रॉबर्ट्स आणि वेंडी डेलवेकिओ या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली १५२ अभ्यास एकत्र करून हे तपासलं, त्यात नंबर टिकून राहायचं प्रमाण लहानपणी ०.३१, कॉलेजच्या वयात ०.५४, तिशीच्या सुमारास ०.६४ आणि पन्नाशीनंतर ०.७४ निघालं. १ आला असता तर कोणाचाच नंबर हलला नाही असं झालं असतं, आणि तो म्हातारपणीसुद्धा आला नाही. आणि सगळ्यांची मिळून जी सरासरी सरकते ती सर्वात जास्त वीस ते चाळीस या वयात, म्हणून बाविशीतल्या पोरावर 'आळशी' असा कायमचा शिक्का मारू नका प्लीज.

आता करायचं काय ते सांगते.

आधी एकच गुण निवडा. 'मला चांगला माणूस व्हायचंय' याने काही होत नाही. 'माझी कामं वेळेत होत नाहीत' किंवा 'मी लोकांत गप्प बसते' असं नेमकं धरा, आणि ते तुम्हाला स्वतःला हवंय का ते बघा, सासरच्यांना किंवा बॉसला हवंय म्हणून घेतलेलं फार टिकत नाही असं माझं मत आहे.

मग त्या गुणाचं छोट्या कृतीत रूपांतर करा, आणि ही कृती कधी करायची तेही ठरवून टाका. शिस्त हवी असेल तर 'रात्री जेवणं झाली की उद्याची बॅग भरून दाराशी ठेवायची', 'लाइट बिल आलं की त्याच दिवशी भरायचं'. मिसळायचं असेल तर सोसायटीच्या मीटिंगला जाऊन एक तरी प्रश्न विचारायचा, पुढच्या आठवड्यात शेजारच्या काकूंना स्वतःहून चहाला बोलवायचं. सोप्यापासून सुरुवात करा, एकदम स्टेजवर भाषण द्यायला जाऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं आता. नॅथन हडसन या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना १५ आठवडे अशीच छोटी कामं निवडायला दिली होती, २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांनी कामं खरंच पूर्ण केली त्यांचा स्वभाव हव्या त्या दिशेला सरकला, आणि ज्यांनी नुसती निवडली पण केली नाहीत त्यांना फायदा झाला नाही. त्यामुळे आठवड्याला दोनच कामं घ्या पण ती करा, वहीत दहा लिहून ठेवण्यापेक्षा ते बरं.

स्वतःला मार्क देताना आपण गडबडतो, म्हणून घरातल्या एका माणसाला आजच विचारा की या बाबतीत मला दहापैकी किती देशील, आणि तीन महिन्यांनी परत विचारा. स्वित्झर्लंडमध्ये १,५२३ जणांवर मोबाइल अ‍ॅप वापरून तीन महिन्यांचा असाच प्रयोग झाला, २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि ज्यांना एखादा गुण वाढवायचा होता त्यांच्यातला बदल जवळच्या लोकांनाही जाणवला होता. फरक छोटाच असतो हां, अबोल माणूस तीन महिन्यांत गप्पिष्ट होत नाही, आणि व्हायची गरजही नाही.

सतत काळजी, घाबरणं, चिडचिड हा तुमचा विषय असेल तर एकट्याने झगडू नका. २०७ अभ्यासांच्या २०१७ सालच्या आढाव्यात उपचारांनी सर्वात जास्त बदल याच गुणात दिसला, सरासरी २४ आठवड्यांत. काउन्सेलरकडे जा, किंवा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांचं मात्र वेगळं. वयानुसार लोकांत मिसळणं, नव्याची हौस थोडी कमी होणं नेहमीचंच, ते हळूहळू होतं. पण आयुष्यभर मृदू बोलणारे आजोबा काही महिन्यांतच शिवीगाळ करायला लागले, पैसे कसेही उधळायला लागले, तर 'म्हातारपणी असंच होतं' म्हणून सोडून देऊ नका. डिमेन्शिया (स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळण्याचा आजार), थायरॉइड, औषधांचा परिणाम, काहीही असू शकतं. आणि एक-दोन दिवसांतच माणूस एकदम बदलला, गोंधळल्यासारखा बोलायला लागला, तर त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत घेऊन.