बसऱ्याच्या लढाईत गेलेल्या आपल्या घरातल्या शिपायाचा शोध कसा घ्यायचा

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, कुलाबा (आताचं रायगड) या भागातल्या खूप घरांत एक वाक्य ऐकू येतं, की आजोबांचा एक चुलता होता, दुसऱ्याच्या शेतावर राबायचा, जर्मनची लढाई लागली तसा भरती झाला, बसऱ्याला गेला आणि परत आलाच नाही. जर्मनची लढाई म्हणजे पहिलं महायुद्ध आणि बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर. पुढे काहीच नाही, नाव पण नीट सांगता येत नाही. हा माणूस शोधता येतो, पण लोक पहिल्यांदा नेटवर आडनाव टाकतात, पाचशे कदम नाहीतर जाधव समोर येतात आणि तिथेच सगळं सोडून देतात. सुरुवात घरातून करा.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा, बहुतेक वेळा लग्न झालेलं नाही, म्हणजे तो कोणाचाच सख्खा पणजोबा नसतो, आणि नावावर जमीन नाही म्हणून सातबाऱ्यावर, फेरफारात, वारस नोंदीत कुठेच तो सापडत नाही. त्यामुळे फक्त आपल्या घरात विचारून भागत नाही, भावकीतल्या सगळ्या घरांत विचारा, आणि खास करून म्हाताऱ्या बायकांना विचारा, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या आत्यांना पण, कारण पुरुषांना जमिनीच्या वाटण्या आठवतात आणि कोण कुठे मेला हे बायकांना आठवतं असा माझा अनुभव आहे. तुमच्याकडे हेळवी येत असेल तर त्याच्या वहीत वंशावळ असते, तिच्यात बिनलग्नाच्या भावाचं नाव आहे का बघायला सांगा. नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यायांकडच्या वह्यांतही कधी कधी नाव सापडतं. तुम्हाला हवंय त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव, आणि जमलं तर पलटण. आजी "जंगी पलटण" म्हणाली तर ती १०३ मराठा, "काळी पाचवी" म्हणाली तर १०५, हे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या.

आता देव्हारा, ट्रंक आणि माळा बघा. चांदीची मेडल बऱ्याच घरांत दुष्काळात सोनाराकडे गेली, पण ब्राँझची राहिली. साधारण बारा सेंटीमीटरची जड गोल तबकडी असेल, एका बाजूला हातात त्रिशूळ घेतलेली बाई आणि सिंह, तर ती मेलेल्या शिपायाच्या घरी सरकारने पाठवलेली तबकडी आहे. तिच्यावर उठावदार अक्षरांत फक्त नाव असतं, हुद्दा नाही आणि नंबर पण नाही. नंबर मिळतो मेडलच्या कडेवर. मेडल उजेडात तिरकं धरून हळूहळू फिरवा, कडेला बारीक इंग्रजी अक्षरं दिसतील, नंबर, हुद्दा, नाव, पलटण, मोबाईलने तुकड्या-तुकड्यात फोटो काढा. आणि कृपा करून चिंच-पितांबरीने घासू नका, आधीच झिजलेली अक्षरं कायमची जातात. चांदणीच्या आकाराचं मेडल असेल तर नाव मागच्या बाजूला असतं, आणि ती चांदणी म्हणजे तो १९१५ संपायच्या आत लढाईच्या मुलुखात पोचला होता याचा पुरावा. राजाचं डोकं असलेलं मेडल चांदीचं नसून ब्राँझचं असेल तर तो बहुतेक शिपाई नव्हता, लेबर कोअरमध्ये किंवा पलटणीबरोबरच्या कामगारांत होता. शेतमजूर पोरं तिकडेही खूप गेली, ओझी वाहायला, रस्ते आणि रेल्वे बांधायला, म्हणून फक्त "शिपाई" म्हणून शोधू नका.

पलटण कळली की पुढचं बरंच सोपं होतं. १०३, ११० आणि ११७ मराठा या मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये पूना डिव्हिजनबरोबर होत्या आणि तिथल्या कुत-अल-अमारा या गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला उपाशी फौजेने शरणागती दिली. महिना अकरा रुपये पगारावर गेलेली ही माणसं गोळीने मेलीच, पण त्याहून वाईट हाल भुकेने, स्कर्व्हीने (ताजं खाणं न मिळाल्याने होणाऱ्या आजाराने) आणि नंतर तुर्कांच्या कैदेत झाले, रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलेले कितीतरी परत आले नाहीत. म्हणून मृत्यूची तारीख एप्रिल १९१६ नंतरची निघाली तर दचकू नका, कैदेतला मृत्यू असू शकतो. ११४ मराठा १९१८ ला मेसोपोटेमियातच शरकतला लढली. १११ महार ही पलटण उभीच राहिली १९१७ ला आणि १९२१ ला मोडली, त्यामुळे तिच्यातला माणूस कुतला असणं शक्य नाही.

मग लढाईत मेलेल्यांच्या कबरी आणि नावं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनची वेबसाईट उघडा, सर्च फुकट आहे. त्यात पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ मधले मृत्यू धरलेत, म्हणजे लढाई संपल्यावर तिकडेच आजाराने गेलेला पण सापडू शकतो. आधी सरावासाठी नाईक यशवंत घाडगे शोधा, दुसऱ्या महायुद्धातले व्हिक्टोरिया क्रॉसवाले, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, नाव कॅसिनो मेमोरियलवर आहे, म्हणजे नोंद कशी दिसते ते कळेल. नंतर आपल्या माणसाकडे या. आडनावावर विसंबू नका, नंबर असेल तर नंबर टाका, नसेल तर पलटणीने चाळा आणि नावाची स्पेलिंग बदलत राहा. साहेबाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, कदममध्ये ए च्या जागी यू आणि डी दोनदा, गणपतमध्ये दोन्ही ठिकाणी यू, मराठामध्ये एक जास्तीचा एच. काही वेळा आडनावच नसतं, नुसतं नाव आणि खाली बापाचं नाव आणि गाव, म्हणून ते आधी मिळवायला सांगितलं. गावाच्या नावाची तर पार वाट लागलेली असते, तालुका जुळला तर मोठ्याने उच्चारून बघा.

बहुतेकांच्या नोंदीत बसरा मेमोरियल येईल. तिथे ज्यांची कबर माहीत नाही अशा चाळीस हजारांहून जास्त लोकांची आठवण आहे, पण दगडावर हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांचीच नावं कोरली, साध्या शिपायांचा पलटणीप्रमाणे नुसता आकडा. मला याचा आजही राग येतो. कमिशनने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव झाल्याचं मान्य केलंय. तेव्हा त्या मेमोरियलच्या फोटोत नाव शोधत बसू नका, रजिस्टरमधली नोंदच डाऊनलोड करून ठेवा.

त्याची स्वतःची फाईल मिळणं फार अवघड, पण पलटणीची वॉर डायरी म्हणजे लढाईतली रोजची नोंदवही लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ९५ (WO 95) या मालिकेत असते. त्याच्या मृत्यूच्या आधीचे पंधरा-वीस दिवस वाचा, शिपायाचं नाव क्वचितच येतं पण त्या दिवशी पलटण कुठे होती, काय खात होती, किती पडले हे कळतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल पण चाळा. लाहोरला या लढाईतल्या शिपायांची रजिस्टरं सापडली अशी बातमी फिरत असते, ती पंजाबची आहेत, आपल्या कामाची नाहीत.

गावात दोन ठिकाणं. चावडी, जुनी शाळा किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी असेल, या गावातून इतके जण गेले आणि इतके मेले, तिच्यावरची धूळ ओल्या फडक्याने पुसून फोटो घ्या. आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४ मागा, जन्माची नोंद मिळाली तर वय पक्कं होतं, जुनी पानं मोडीत असतात तेव्हा मोडी वाचणारा बरोबर न्या.

एवढं सगळं हातात आल्यावर नोंदीत चूक दिसली, गाव चुकलंय, बापाचं नाव चुकलंय, तर कमिशनला पुराव्यासकट कळवा, मेडलच्या कडेचा फोटो आणि कोतवाल बुकाची नक्कल जोडा. दुरुस्ती होते. आणि नोंदच नसेल तर तेही कळवा, नाव नव्याने घालण्यासाठी ते अर्ज तपासतात, वेळ लागतो, मधून मधून विचारत राहायचं.