खेळाडूच्या करारामुळे नागपुरात आला आहात? आधी हे वाचा

नवऱ्याचा करार झाला, अभिनंदनाचे फोन सुरू झाले आणि त्या धांदलीत तुमचं घर, तुमची नोकरी, पोरांची शाळा सगळं आठवड्याभरात मागे पडलं, असं झालं असेल तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. मी मूळची कोल्हापूरची. ह्यांच्या क्रिकेटपायी नागपूरला आले. आता ह्यांचं खेळणं थांबलं, ते मुलांना शिकवतात, पण आम्ही इथेच राहिलो. दर पावसाळ्यात कुणी ना कुणी नवी वहिनी मला फोन करते. आधी घराचं विचारते, मग शाळेचं. दुपारी उगाच रडू येतं, हे मात्र फोन ठेवताना सांगते.

मी तिथूनच सुरू करते. नवरा येतो तेव्हा त्याचा संघ तयार असतो. मॅनेजर, फिजिओ, सरावाचं वेळापत्रक, नाव माहीत असलेली वीसेक माणसं, सगळं पहिल्या दिवसापासून. तुम्हाला मिळतो रिकामा फ्लॅट आणि ब्रोकरचा नंबर. भाजीवाली, डॉक्टर, शेजारीण, कामाला येणारी मावशी, अडीअडचणीला धावून येणारी बहीण, हे सगळे आधार एकाच दिवशी सुटतात. वर सगळे म्हणतात, "किती नशीबवान आहेस!" त्यामुळे कुणाजवळ बोलायचीही चोरी. झोप उडते, जेवण जात नाही, डोकं दुखतं, पोरांवर चिडचिड होते. पोरांचंही तसंच असतं, शाळेच्या वेळेला नेमकं पोट दुखतं. पहिले काही आठवडे असं होणं साहजिक आहे. पण दोन आठवडे उलटूनही रोज तेच चालू असेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. 14416 हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. संघात कुणाला कळेल का, ही भीती बऱ्याच जणींना असते. या नंबरचा संघाशी काडीचा संबंध नाही. जीव नकोसा होतोय असं वाटलं तर त्या दिवशीच फोन करा, सामन्याचा दिवस असला तरी.

दुसरी गोष्ट, "किती वर्षं राहायचं आहे?" हा प्रश्न नवऱ्याला रोज विचारू नका. त्यालाही माहीत नसतं. मुंबईचे फलंदाज वसीम जाफर 2015 मध्ये विदर्भाकडून, म्हणजे नागपूरच्या संघाकडून खेळायला आले आणि 2020 मध्ये निवृत्त होईपर्यंत विदर्भाचेच राहिले. मधल्या काळात 2017-18 आणि 2018-19 असे लागोपाठ दोन रणजी करंडक, म्हणजे राज्यांच्या संघांमधली देशातली मोठी स्पर्धा, विदर्भाने जिंकले. कर्नाटकाचे फलंदाज करुण नायर 2023-24 ला आले. पुढच्याच हंगामात नागपूरच्याच जामठा स्टेडियमवर केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी 86 आणि 135 धावा केल्या, सामना अनिर्णित राहिला तरी पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला आणि त्यानंतर ते परत कर्नाटकाकडे गेले. म्हणजे हंगाम वाईट गेला तर जावं लागतं आणि फार चांगला गेला तरी जावं लागू शकतं. संसाराचा मुक्काम धावांवरून काढता येत नाही. मी नव्या वहिनींना एवढंच सांगते की या वर्षाचं घर पूर्ण मांडा. खोकी पलंगाखाली ठेवून, दोन पातेल्यांवर हंगाम काढायला जाऊ नका. आज ना उद्या जायचंच आहे म्हणून पडदेसुद्धा न लावलेली घरं मी पाहिली आहेत आणि त्या घरातल्या बायकांचे हाल बाकीच्यांपेक्षा जास्त होतात.

खरा ताण कशाने येतो, हे मला इथे राहून कळलं. तीन कॅलेंडरं एकमेकांशी जुळत नाहीत. करार ठरतो पावसाळ्याच्या तोंडाशी, कधी त्याहून उशिरा. घराचा भाडेकरार असतो अकरा महिन्यांचा, म्हणजे तुम्ही ऑगस्टमध्ये आलात तर तो पुढच्या जूनअखेर संपतो. आणि शाळा? खाजगी शाळांचे प्रवेश हिवाळ्यातच सुरू होतात, सीबीएसईच्या बऱ्याच शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्ये लागतं, तर राज्य मंडळाच्या शाळा विदर्भात उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. म्हणजे एप्रिल ते जून हा काळ असा की घरमालक विचारतो पुढचं काय, शाळा फी मागते, आणि तुमच्या हातात करार नसतो. वर बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला. भांडणं या महिन्यांतच होतात, हे आधीच धरून चाला.

त्यावर उपाय कागदावरच करायचा. भाडेकरार करताना एक ओळ घालून घ्या: खेळाडूचा करार संपला किंवा दुसऱ्या संघाकडे गेला, तर एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल आणि डिपॉझिट कापलं जाणार नाही. 'लॉक-इन', म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो, किती महिन्यांचा आहे ते वाचल्याशिवाय सही करू नका. करार नोंदणी करूनच घ्या, महाराष्ट्रात ते सक्तीचं आहे. शाळा, बँक, गॅस सगळीकडे तोच कागद चालतो. आणि त्यावर तुमचंही नाव असू द्या. नवरा राजकोटला सामना खेळत असताना पाण्याच्या मोटारीवरून सोसायटीत वाद झाला, तर बोलायला तुम्हीच असणार. गॅसची पावती, वीजबिलाचं लॉगिन, शाळेच्या गटातला नंबर, हेही तुमच्याकडे ठेवा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची असते, घरमालक विसरला तर त्याला आठवण करा.

घर कुठे घ्यायचं? नवरे म्हणतात जामठ्याजवळ, कारण स्टेडियम तिकडे, वर्धा रोडला शहराबाहेर. माझं ठाम मत, तिकडे घेऊ नका. तो महिन्यातले कितीतरी दिवस बाहेरगावी असणार, तुम्ही मात्र रोज तिथे असणार. मेट्रोची ऑरेंज लाइन खापरीपर्यंतच जाते, जामठ्याला नाही. त्यामुळे छत्रपती चौक, जयप्रकाश नगर, उज्ज्वल नगर या स्थानकांच्या आसपास, किंवा सोमलवाडा, नरेंद्र नगर, मनीष नगर या बाजूला बघा. त्याला वर्धा रोड सरळ पडतो, जुन्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर सराव असला तरी अवघड जात नाही, आणि तुम्ही मेट्रोने थेट सीताबर्डीला उतरता. धरमपेठ, लक्ष्मी नगर, बजाज नगर भाड्याला महाग, पण शाळा, दवाखाने, बाजार सगळं पायाशी. अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, नाग नदीकाठी किंवा नाल्याला लागून तळमजला घेऊ नका. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे तलाव ओसंडून वाहिला तेव्हा अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत लोकांच्या घरात पाणी शिरलं होतं. ब्रोकर हे सांगत नाही. तुम्ही विचारा, "त्या वर्षी पाणी कुठपर्यंत आलं होतं?" आणि खालच्या किराणावाल्यालाही तेच विचारा.

दुचाकी चालवता येत नसेल तर शिका. रस्ते रुंद आहेत, अंतरं लांब आहेत आणि दुचाकीशिवाय इथे पान हलत नाही. भाजीला गोकुळपेठ, घाऊक घ्यायची तर कॉटन मार्केट, धान्य-मसाल्याला इतवारी.

आता हंगामाचं. जुलै-ऑगस्टमध्ये शिबिर असतं, तेव्हा तो संध्याकाळी घरी येतो आणि तुम्हाला वाटतं, जमेल हे. मग ऑक्टोबर लागतो. 2024-25 पासून रणजी दोन टप्प्यांत खेळतात, मधल्या काळात पांढऱ्या चेंडूच्या, म्हणजे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी स्पर्धा, मग जानेवारीत पुन्हा रणजी. म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी तो जवळजवळ बाहेरच. दिवाळीत तो घरी असेल असं गृहीत धरू नका. आई-सासूबाईंना बोलवायचं तर तेव्हाच बोलवा. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्यांना महाराष्ट्र एक्सप्रेस सरळ पडते, गाडी बदलावी लागत नाही, पण दिवाळीचं आरक्षण उघडल्याबरोबर काढावं लागतं.

स्कोअर बघण्याबद्दल एक कळकळीचं सांगणं. मोबाइलवर चेंडू-चेंडूचा स्कोअर लावून दिवस काढू नका. तो शून्यावर बाद झाला की तुमचा स्वयंपाक बिघडतो, आणि त्या संध्याकाळी फोनवर दोघंही गप्प. आमच्या घरी एक ठरलेलं होतं. फोनवर पहिली दहा मिनिटं घराच्या गोष्टी, क्रिकेट त्यानंतर. धाकटीचा दात पडला, टाकी भरली नाही, खालच्या काकूंचा गुडघा दुखतोय, हे त्याला कळलंच पाहिजे. ते न सांगता राहिलं की तो घरी पाहुण्यासारखा येतो आणि पोरं त्याला तसंच वागवतात. आणि लोक जे इंटरनेटवर लिहितात ते वाचू नका. तुमच्या नवऱ्याच्या एका सुटलेल्या झेलावर अनोळखी माणूस काय लिहितो, याच्याशी तुमच्या घराचं काही देणंघेणं नाही.

उन्हाळ्याची तयारी मात्र नागपूरकरांकडूनच शिकायची. मार्चच्या मध्याला आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून हाक मारतात, "काहून बाई, कूलर अजून माळ्यावरच? मग एप्रिलात माणूस भेटत नाही, सांगून राहिले!" आणि खरंच भेटत नाही. गच्चीत कूलर काढून टाकीतला गाळ धुवायचा, कूलरच्या बाजूंना लावलेल्या, गेल्या वर्षीच्या चिपाडासारख्या झालेल्या गवताच्या ताट्या फेकायच्या, नव्या बसवून तारेने बांधायच्या, पंप पाण्यात बुडवून नळीतून तिन्ही बाजूंना पाणी सारखं उतरतंय का ते बघायचं. एक बाजू कोरडी राहिली तर रात्रभर गरम हवा येते. वाळ्याच्या ताट्या लावल्या तर पहिल्या पाण्याबरोबर घरभर वास पसरतो. माझी थोरली नव्या शाळेत रमत नव्हती, पण काकूंनी तिला गच्चीत नळी धरायला उभं केलं आणि त्या दुपारी ती पहिल्यांदा कुणाशी तरी मनमोकळं बोलली. दुपारी बारा ते चार बाहेरची कामं ठेवू नका. टाकीचं पाणी तापतं, आंघोळीला सकाळीच बादल्या भरून ठेवा.

तुमच्या नोकरीबद्दल. नवऱ्याच्या कराराने पैसा येतो म्हणून तुमचं काम सुटलं तर काय बिघडलं, असं घरचेही म्हणतील. ऐकू नका. खेळाडूची कमाईची वर्षं थोडी असतात, दुखापत सांगून येत नाही. जुनी नोकरी सोडायच्या आधी बिनपगारी रजा, बदली, घरून काम, तिन्ही लेखी विचारा. मी हिशेबाचं काम करायची. आधीच्या मालकांनी जीएसटी विवरणपत्रांचं काम घरून करू दिलं, मग इथली दोन-तीन दुकानं मिळाली. काम थोडं असलं तरी चालेल, पण आठवड्यातून काही तास तुमच्या नावाने हाक मारणारी माणसं हवीत. खेळाडू पत्नीसोबत आलेल्या नवऱ्यांनाही हे तंतोतंत लागू आहे. त्यांची संख्या कमी, म्हणून त्यांना बोलायला माणूस आणखीच मिळत नाही.

संघातल्या वहिनींचा गट असतो, त्यात जरूर राहा, अडीनडीला त्याच धावतात. पण सगळी मैत्री तिथेच ठेवू नका. निवड झाली-न झाली की त्या गटातलं हवामान बदलतं, शिवाय त्यातल्या निम्म्या पुढच्या वर्षी नसतात. म्हणून एक तरी ओळख क्रिकेटच्या बाहेरची हवी: योगवर्ग, भजनी मंडळ, वाचनालय, सोसायटीतली भिशी. लक्ष्मी नगरच्या सायंटिफिक सभागृहात किंवा सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात कार्यक्रम असतात, एकटीने जायला काही हरकत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरांना लाकडी बैल घेऊन द्या आणि गल्लीत पाठवा. त्याच दिवशी महाल-इतवारीत काळी आणि पिवळी मारबत निघते, गर्दी प्रचंड, पण कुणा नागपूरकर कुटुंबासोबत एकदा बघाच.

जायची वेळ आली तर क्रम असा ठेवा. आधी शाळेचा दाखला आणि पोरांचे ऑनलाइन विद्यार्थी क्रमांक, कारण त्याविना पुढची शाळा अडते. मग सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून व्हाउचर आणि अनामत घ्या. घरमालकाला नोटीस लेखी द्या, व्हॉट्सअॅपवर फोटोही पाठवा. भिंती, नळ, पंखे यांचे फोटो आलात त्या दिवशी काढलेले असले तर डिपॉझिटवरून वाद होत नाही, तेव्हा ते आजच काढून ठेवा. नवरा तोवर पुढच्या संघात रुजू झालेला असणार, सामान तुम्हालाच हलवायचं असणार. सिलिंडर उचलायला किंवा ट्रक भरताना पोरांना सांभाळायला कुणी नसेल तर मला सांगा, मी येते.