घरच्या छोट्या डान्स पार्टीसाठी साउंड कसा निवडायचा, हॉल असो की अगाशी (गच्ची)

बडोद्यात गाणं लागलं की कोणी बसून राहत नाही. वाढदिवस असो, कोजागिरी असो नाहीतर लग्नाच्या आदल्या दिवशीचं संगीत असो, शेवटी सगळे गोल करून गरब्यावरच येतात. मैदानातल्या गरब्याचा आवाज कानात इतका बसलेला असतो की घरच्या वीस-पंचवीस माणसांसाठीसुद्धा तसाच दणदणीत साउंड लागेल असं वाटतं, आणि तिथूनच खरेदी चुकायला लागते. नाचणाऱ्याला खरं म्हणजे ताल हवा असतो, ढोलाचा ठेका आणि टाळी कुठे पडते ते पायांना कळायला हवं आणि शेजारी नाचणाऱ्याशी ओरडल्याशिवाय दोन शब्द बोलता यायला हवेत. त्यासाठी स्पीकर जरा मोठा घ्या, पण तो हळू वाजवा आणि नाचणाऱ्यांच्या जवळ ठेवा.

आधी जागा बघा, दुकानात नंतर जा

टेप घ्या आणि जिथे नाचणार ती जागा मोजा. १० बाय १२ ची खोली आणि आठ-दहा जण असतील तर चांगला पार्टी स्पीकर एकटाच पुरतो. १५ बाय २० चा हॉल आणि वीसेक माणसं असतील तर ८ किंवा १० इंची वूफरचे (वूफर म्हणजे ढोलाचा जाड आवाज काढणारा मोठा कोन) दोन अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घ्या, अ‍ॅक्टिव्ह म्हणजे ज्यात अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो, वेगळा डबा जोडावा लागत नाही. अगाशी असेल आणि तीस-चाळीस जण येणार असतील तर १२ इंची दोन. अगाशीवर भिंती नसतात, त्यामुळे आवाज परत येत नाही, सरळ निघून जातो आणि बेस तर हॉलच्या मानाने खूपच कमी वाटतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, म्हणून एका कोपऱ्यात एकच मोठा स्पीकर ठेवून लांबपर्यंत आवाज पोचवायचा प्रयत्न केला तर जवळच्यांचे कान जातात आणि लांबच्यांना ठेका कळत नाही. दोन स्पीकर समोरासमोर नाहीतर तिरके ठेवून गोल मध्ये घेतला तर प्रत्येकाला जवळून ऐकू येतं आणि एकूण आवाज कमी ठेवता येतो.

डांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या वाड्यात पार्टी असेल तर अजून एक गोष्ट. वरचा मजला लाकडी असेल तर तिथे नाचू नका, खाली चौकात करा. पंधरा-वीस माणसं एकाच तालावर उड्या मारतात तेव्हा जुन्या तुळयांवर काय ताण येतो याचा विचार कोणी करत नाही, आणि तसंही लाकडी जमीन बेसचा हादरा शेजारच्या घरापर्यंत नेते कारण पोळीतल्या, म्हणजे जुन्या दाट गल्लीतल्या, घरांच्या भिंती एकमेकांना लागून असतात.

वॉटच्या आकड्याला भुलू नका

हा भाग नीट वाचा कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात पीएमपीओचा हजारोंचा आकडा असतो, त्याला काही अर्थ नाही, तो क्षणभराचा कागदावरचा आकडा. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत वाजताना मिळणारी ताकद. आणि आरएमएसपेक्षाही महत्त्वाची असते सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात.

उदाहरण घ्या. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ९६ आहे. १ वॉटला ४ मीटरवर, म्हणजे १३ फुटांवर, साधारण ८४ डेसिबल मिळतात, १० वॉटला ९४. घरात नाचायला एवढा आवाज भरपूर झाला, उलट जास्तच. पण ढोलाची थाप पडते तेव्हा क्षणभर दहापट ताकद लागते, म्हणजे १०० वॉट. आता हाच हिशोब ८६ सेन्सिटिव्हिटीच्या छोट्या स्पीकरला लावा, त्याला तेवढ्याच आवाजासाठी १०० वॉट आणि थापेसाठी १००० वॉट लागतील, ते तो देऊच शकत नाही. मग तो फुल व्हॉल्यूमवर फाटतो, थाप चेपली जाते, टाळी चरचरते आणि लोकांना वाटतं आवाज कमी पडतोय म्हणून अजून वाढवतात. म्हणूनच म्हटलं, मोठा घ्या आणि हळू वाजवा.

दुकानात काय करायचं

आपलं गाणं घेऊन जा, दुकानदाराचं डेमो गाणं ऐकून काहीच ठरवू नका, ते गाणं त्या स्पीकरवर छान वाजतं म्हणूनच लावलेलं असतं. तीन गाणी पुरे, एक संथ गरबा ज्यात आवाज आणि टाळी वेगळी ऐकू यायला हवी, एक जोरातलं, आणि एक जुनं मराठी किंवा हिंदी नाचाचं. आधी अगदी हळू लावून ऐका. हळू आवाजातसुद्धा ढोलाचा ठेका कळतोय का? कळत असेल तर स्पीकर चांगला आहे. मग वाढवा, आणि समोरून उठून बाजूला जाऊन उभे राहा, कारण गोलात नाचणारा कधीच स्पीकरच्या बरोबर समोर नसतो, बाजूने ऐकल्यावर गायकाचा आवाज दबत असेल तर तो स्पीकर गरब्याच्या कामाचा नाही. शेवटी दुकानाबाहेर जाऊन ऐका. बाहेर नुसतं धम धम येत असेल तर तुमच्या शेजाऱ्यांना तेच ऐकू येणार.

मागच्या बाजूला काय काय लावायची सोय आहे तेही बघा. ऑक्स किंवा आरसीए, म्हणजे वायरने गाणं द्यायची सोय, हवंच, माइकसाठी एक्सएलआर असेल तर उत्तम, खाली स्टँड बसवायचं भोक हवं. आरजीबी लाइट असले नसले तरी चालतं, मुलांना आवडतात एवढंच.

सबवूफर, म्हणजे नुसत्या बेसची वेगळी पेटी, घ्यायचा का? हॉलमध्ये १० इंची दोन स्पीकर असतील तर माझ्या मते नको. खालचा बेस सगळ्या दिशांना जातो आणि भिंतीतून आरपार जातो, फ्लॅटमध्ये तक्रार येते ती त्याचीच. अगाशीसाठी मात्र एक छोटा सब उपयोगी पडतो, खाली रबरची जाड मॅट टाका म्हणजे स्लॅबमधून हादरा कमी जाईल. आहे तोच बेस वाढवायचा असेल तर स्पीकर भिंतीजवळ सरकवा, कोपऱ्यात ठेवला की बेस आपोआप वाढतो, फुकटात. आणि हॉलमध्ये बेस घुमत असेल तर याच्या उलट करा, भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढा.

ब्लूटूथ की वायर

ब्लूटूथवर नुसतं गाणं वाजवायला हरकत नाही, पण त्यात आवाज उशिरा पोचतो, दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज. दोन वेगळ्या कंपन्यांचे ब्लूटूथ स्पीकर एकाच फोनला जोडले तर दोघांचा उशीर वेगवेगळा असतो आणि टाळी दोनदा ऐकू येते, असल्या आवाजावर गरबा खेळताच येत नाही, पाय अडखळतात. दोन स्पीकर असतील तर ते आपसात वायरने जोडा, नाहीतर एकाच कंपनीची जोडी घ्या जी एकमेकांशी जुळते. ब्लूटूथ माइकवर गाणं तर विसराच, गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज मागून ऐकू येतो. कोणाला गायचं असेल तर साधा वायरवाला डायनॅमिक माइक घ्या आणि माइक धरणाऱ्याला स्पीकरच्या मागे उभं करा म्हणजे शिट्टी वाजणार नाही.

फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर रंगात आलेल्या गरब्यात मामाचा फोन येतो आणि सगळा गोल थांबतो. गाणी आधी डाउनलोड करून ठेवा. अजून एक सेटिंग आहे जी कोणी वापरत नाही आणि फार कामाची आहे, फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ असतं ते ऑन करा. बऱ्याच गाण्यात एखादं वाद्य डाव्या बाजूला, दुसरं उजव्या बाजूला असतं, गोलाच्या एका बाजूच्या लोकांना मग अर्धंच गाणं ऐकू येतं. मोनो केलं की सगळीकडे सगळं.

भाड्याने आणणार असाल तर

वर्षातून एकदाच पार्टी असेल तर विकत घेऊ नका, मंडपवाल्याकडे किंवा साउंडवाल्याकडे भाड्याने मिळतो. मागायचं असं, दोन १२ इंची टॉप (स्टँडवर चढवायचे मुख्य स्पीकर), दोन स्टँड, छोटा मिक्सर (माइक आणि गाणं एकत्र करणारा डबा), एक वायरवाला माइक. तो म्हणेल बेसची पेटी पण देतो, १८ इंचीची, नको म्हणा. जागा किती फुटांची आणि माणसं किती ते आधीच सांगा. नवरात्र ते शरद पूनम या काळात बडोद्यात साउंडवाले मोकळे मिळत नाहीत म्हणून कोजागिरीला दूध-पोह्यांबरोबर अगाशीवर गरबाही करायचा असेल तर बुकिंग बरंच आधी करा. आणायला गेलात की तिथेच लावून बघा, प्रत्येक वायर हलवून बघा.

लावायचं कसं

स्पीकर स्टँडवर चढवा, ट्वीटर, म्हणजे बारीक आवाज काढणारा भाग, उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर हवा, साधारण ६ फूट. जमिनीवर ठेवला तर पुढच्या रांगेतली माणसं आणि घेरदार चणिये सगळा बारीक आवाज खाऊन टाकतात आणि मागे नुसता घुमघुमाट जातो. स्टँडचे पाय पूर्ण उघडा, वायर भिंतीच्या कडेने नेऊन टेप लावा, अनवाणी नाचणाऱ्यांच्या पायात वायर येणं फार धोक्याचं आहे. सगळं एकाच थ्री-पिन अर्थिंगवाल्या सॉकेटवरून घ्या, वेगवेगळ्या खोल्यांतून घेतलं तर स्पीकरमधून घूं असा आवाज येऊ शकतो. ६ अ‍ॅम्पियरचा सॉकेट साधारण १३०० वॉटपर्यंत, त्यामुळे त्याच बोर्डवर इस्त्री किंवा इंडक्शन लावू नका. अगाशीवर पावसाची शंका असेल तर प्लास्टिक जवळ ठेवा, पण चालू स्पीकर मागून झाकू नका, तापतो.

आवाज सेट करताना फोन ८०-९० टक्क्यांवर ठेवा आणि मग स्पीकरचा नॉब हळूहळू वाढवा. क्लिपचा, म्हणजे आवाज फाटायला लागल्याचा, लाल दिवा लागला की लगेच खाली, लाल दिव्यावर वाजवत राहिलं की पहिल्यांदा ट्वीटर जळतो.

किती आवाज, किती वाजेपर्यंत

२००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सणासाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस सरकार ठरवतं, आपण नाही. राहत्या भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि आपल्या खासगी साउंडचा आवाज आपल्या हद्दीवर त्याच्या ५ डेसिबलपेक्षा जास्त वर जाता कामा नये. हे आकडे खूप कमी आहेत, म्हणून स्पीकरचं तोंड कधीही कठड्याकडे करू नका, कठड्याकडे पाठ आणि तोंड आत. फोनवरचं डेसिबल अ‍ॅप अगदी अचूक नसतं, पण नाचायच्या जागी किती आणि कठड्याशी किती यातला फरक त्यावर कळतो. शेजारी आजी-आजोबा असतील, कोणाचं बाळ असेल, तर दुपारीच जाऊन सांगून या आणि बोलावूनही या.

कानांचंही बघा. ८५ डेसिबल ८ तास चालतं, त्याच्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं उरतात. लहान मुलं हौसेने स्पीकरला चिकटून उभी राहतात, त्यांना तिथून हलवायचं काम एखाद्या मोठ्या माणसाकडे सोपवूनच ठेवा.

चालू करताना आधी मिक्सर, मग स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर, मग मिक्सर, नाहीतर ठप्प असा मोठा आवाज होतो आणि कोन खराब होतो. दहाला पाच मिनिटं असताना शेवटचा गरबा लावा, आवाज हळूहळू उतरवा, आणि वायरी ओढून नाही तर प्लग धरून काढा.