ऑस्ट्रेलियात नर्सिंग शिकायचंय? आधी नोंदणीचं विचारा

सिडनीत नव्याने आलेल्या मराठी मंडळींचा मला नेहमीचा प्रश्न असतो: नर्सिंगसाठी कुठलं विद्यापीठ चांगलं? माझं उत्तर ठरलेलं आहे. विद्यापीठाचं नंतर बघू, हा कोर्स करून रजिस्टर्ड नर्स म्हणून नोंदणी मिळते का, ते आधी पाहा. नर्सिंग अँड मिडवाइफरी बोर्डाकडे नोंदणी नसेल, तर इथे स्वतःला नर्स म्हणवून घेणंसुद्धा कायद्याने गुन्हा आहे. नोंदणीचा सगळा कारभार 'आप्रा' ही राष्ट्रीय संस्था पाहते. मान्यता असलेल्या कोर्सेसची यादी बोर्डाच्या वेबसाइटवर सगळ्यांना खुली आहे. एजंटचं चकचकीत माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि त्या यादीत तुमच्या कोर्सचं पूर्ण नाव शोधा.

पूर्ण नाव म्हणते, कारण फसगत तिथेच होते. 'मास्टर ऑफ नर्सिंग' या नावाखाली दोन अगदी वेगळे कोर्स चालतात. एक असतो आधीच नर्स असलेल्यांसाठी, म्हणजे पुढचं शिक्षण. तो केल्याने नोंदणी मिळत नाही, कारण ती तुमच्याकडे आहे असं तो धरूनच चालतो. दुसरा 'ग्रॅज्युएट एंट्री'. इतर विषयातली पदवी असलेल्यांना तो साधारण 2 वर्षांत नोंदणीपर्यंत नेतो. सिडनी विद्यापीठात तो आहे. मेलबर्न विद्यापीठात तर नर्स व्हायचं तर हाच रस्ता, तिथे पदवीपूर्व नर्सिंग नाही. मायक्रोबायोलॉजी किंवा बी.फार्म. करून नवऱ्याबरोबर इथे आलेल्या आणि पुढे काय करावं या विचारात असलेल्या मैत्रिणींना मी आवर्जून हा मार्ग सांगते. काही ठिकाणी शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राचे विषय आधी झालेले असावे लागतात, तेवढं अर्ज करण्यापूर्वी विचारून घ्या.

बारावीनंतर येणाऱ्यांसाठी सरळ वाट म्हणजे 3 वर्षांची बॅचलर ऑफ नर्सिंग. वेस्टर्न सिडनी, यूटीएस (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी सिडनी), ऑस्ट्रेलियन कॅथलिक युनिव्हर्सिटी, मोनॅश, डीकिन, ग्रिफिथ अशा अनेक ठिकाणी ती आहे. बोर्ड विद्यापीठांच्या क्रमवारीकडे बघत नाही, त्यामुळे तुम्हीही फार बघू नका. कॅम्पस घरापासून किती लांब आणि प्लेसमेंट, म्हणजे शिकताना रुग्णालयात करायचं प्रत्यक्ष काम, कुठे मिळतात, यावर तुमचं रोजचं जगणं ठरणार आहे. पैसे कमी असतील तर टेफमधून, म्हणजे सरकारी व्यवसाय-शिक्षण संस्थेतून, डिप्लोमा करून 'एनरोल्ड नर्स' (रजिस्टर्ड नर्सच्या देखरेखीखाली काम करणारी नर्स) होता येतं. दीड-दोन वर्षांत कमाई सुरू होते आणि नंतर पदवी करताना काही विषयांची सूटही मिळते.

आता आपल्याकडून शिकून आलेल्यांविषयी, कारण सगळ्यांत जास्त पैसा इथे वाया जाताना मी पाहिला आहे. बी.एस्सी. नर्सिंग झालेली, चार-पाच वर्षं वॉर्डात काम केलेली मुलगी इथे येऊन पुन्हा पहिल्या वर्षाला बसते, आणि कुणीही तिला थांबवत नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांची फी वर्षाला साधारण 35 ते 45 हजार डॉलर, काही ठिकाणी त्याहून जास्त. एवढी रक्कम भरण्याआधी बोर्डाच्या साइटवरची 'सेल्फ-चेक', म्हणजे तुमच्या शिक्षणाची ऑनलाइन पडताळणी, करा, ती फुकट आहे. पदवी असलेल्या बऱ्याच जणींना 2020 पासून सुरू झालेल्या मूल्यांकनातून जाता येतं: आधी एनक्लेक्स ही बहुपर्यायी परीक्षा, ती भारतात बसूनही देता येते, आणि मग इथे येऊन प्रत्यक्ष कौशल्यांची परीक्षा, ऑस्की. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीची पदविका केलेल्यांचं मात्र अवघड आहे. ती पदविका इथल्या पदवीच्या तोडीची धरत नाहीत, त्यामुळे बहुतेकींना इथे शिकावंच लागतं. पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं असेल तर त्याचीही कागदपत्रं घालून सेल्फ-चेक करून बघा. आणि निघण्यापूर्वी कॉलेजकडून तासांसह ट्रान्सक्रिप्ट आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून गुड स्टँडिंगचं पत्र (तुमची नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचा दाखला) मिळवण्याच्या मागे लागा. इथून फोन करून ते काम होता होत नाही.

आपल्याकडे नर्स आणि मिडवाइफ अशी नोंदणी एकत्र मिळते. इथे मिडवाइफरी हा वेगळा व्यवसाय आहे, नोंदणी वेगळी. प्रसूती विभागातच काम करायचं असेल तर 4 वर्षांची जोड-पदवी बघा, किंवा नर्स झाल्यावर पुढचा कोर्स करता येतो.

प्लेसमेंटबद्दल कुणी नीट सांगत नाही. नोंदणीसाठी किमान 800 तास लागतात, आणि ते बिनपगारी असतात. विद्यार्थी व्हिसावर पंधरवड्याला 48 तास कामाची मर्यादा आहे. कोर्सचा भाग असलेली प्लेसमेंट त्यात धरत नाहीत, पण ती चालू असताना सकाळी 7 ची पाळी करून संध्याकाळी दुकानात उभं राहणं शरीराला झेपत नाही. त्या आठवड्यांचं भाडं आधीच बाजूला काढून ठेवा. पोलीस तपासणी, लहान मुलांसोबत काम करण्याचा परवाना, हेपटायटिस बी, गोवर, कांजिण्या यांचे रक्ताचे रिपोर्ट, टीबीची तपासणी हे सगळं वेळेत पूर्ण नसेल तर प्लेसमेंट जाते आणि वर्ष लांबतं. हेपटायटिस बीचे डोस पूर्ण व्हायला काही महिने लागतात, म्हणून भारतातच सुरू करा.

वॉर्डात पहिल्याच दिवशी फरक जाणवतो. न्यू साउथ वेल्सच्या सरकारी रुग्णालयांत 2010 पासून 'बिटवीन द फ्लॅग्ज' पद्धत आहे. रुग्णाचा श्वास, नाडी, रक्तदाब हे रंगीत पट्टे असलेल्या तक्त्यावर मांडायचे. मिनिटभर नीट मोजलेला श्वास पिवळ्या पट्ट्यात गेला, तर विद्यार्थी असलात तरी लगेच तुमच्या बडी नर्सला, म्हणजे त्या पाळीत तुम्हाला सोबत घेणाऱ्या नर्सला, सांगायचं. लाल पट्ट्यात गेला तर मदतीचा कॉल जायलाच हवा, डॉक्टर रागावतील का हा विचार करायचा नाही. आपल्याकडे मोठ्या डॉक्टरांसमोर गप्प राहायची सवय लागलेली असते. इथे गप्प राहिलेला विद्यार्थी नापास होतो. मला इथलं हे फार मोलाचं वाटतं. आंघोळ घालणं, बेडपॅन देणं ही कामंही नर्सचीच. आजोबांना शॉवर देता देता पाठीवरची लालसर झालेली त्वचा, बेडसोअरची पहिली खूण, तुम्हालाच आधी दिसते.

कायमचं वास्तव्य मिळालेल्यांना सरकारी अनुदानाची जागा मिळू शकते. 2021 पासून नर्सिंग सर्वांत कमी फीच्या गटात आहे. मात्र फी भरण्यासाठीचं सरकारी कर्ज, हेक्स, नागरिकांसाठी असतं, त्यामुळे तुमचा वाटा रोख भरावा लागेल.

नोंदणी झाल्यावर आयसीयू, इमर्जन्सी, ऑपरेशन थिएटर, मानसिक आरोग्य यांतली ग्रॅज्युएट सर्टिफिकेट्स नोकरी करत करता येतात. नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः निदान करून औषधं लिहून देऊ शकणारी नर्स, व्हायचं असेल तर त्यासाठीची मास्टर्स आणि वरच्या पातळीच्या कामाचे 5000 तास लागतात. ती घाई आता नको.

इंग्रजीचं मात्र आताच ठरवा. भारतात इंग्रजी माध्यमात शिकलात, ते बोर्ड धरत नाही. आयएल्ट्समध्ये एकूण 7 लागतात. 2025 पासून लेखनात 6.5 चालतात, बाकी तिन्हींत 7 हवेतच. किंवा ओईटी, ही आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, द्या, वॉर्डाची भाषा असल्यामुळे बऱ्याच नर्सना ती सोपी जाते. निकाल साधारणपणे 2 वर्षंच चालतो. प्रवेशासाठी दिलेली परीक्षा पदवी संपल्यावर नोंदणीला चालेल का, ते बोर्डाच्या नियमांत आधी पाहा, नाहीतर शेवटच्या वर्षात ती पुन्हा द्यावी लागेल. शेवटच्या वर्षीच मधल्या महिन्यांत न्यू साउथ वेल्समध्ये ग्रॅडस्टार्टचे, म्हणजे नवीन नर्सच्या पहिल्या वर्षाच्या नोकरीचे, अर्ज सुरू होतात. तेव्हा शिफारस लागते ती प्लेसमेंटवर तुमच्यावर देखरेख करणाऱ्या फॅसिलिटेटरची, म्हणून प्रत्येक प्लेसमेंटच्या शेवटी त्यांना विचारून मूल्यमापनाची प्रत जवळ ठेवत जा.